अल कॅपोन: गुन्हेगाराची घडण आणि त्याला घडविणारी व्यवस्था



शिकागो हे नाव कामगार चळवळीतील कार्यकर्त्याला परके नाही. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी या शहरातील कामगार रस्त्यावर आले, हेमार्केट चौकात बाँब फुटला, आणि बाँब कोणी टाकला हे सिद्ध न होताच १८८७ च्या नोव्हेंबरात चार कामगार नेत्यांना फासावर चढविण्यात आले. मे दिन पाळताना त्यांचे स्मरण केले जाते. त्यानंतर चाळीस वर्षांनी त्याच शहराचे नाव एका वेगळ्याच माणसामुळे जगभर गाजले. तो माणूस म्हणजे अल कॅपोन. त्याच्या टोळीच्या खात्यावर कित्येक खून जमा होते. परंतु एकाही खुनाबद्दल त्याला कधी शिक्षा झाली नाही. ज्या शहराच्या न्यायव्यवस्थेला पुराव्यावाचून कामगार नेते दोषी ठरविता आले, त्याच शहराला उघड उघड राज्य करणाऱ्या टोळीनायकाला चार-पाच वर्षे हात लावता आला नाही. हा विरोधाभास योगायोगाचा नाही. कॅपोनच्या आयुष्याचा विचार करायचा तो या विरोधाभासाचे मूळ शोधण्यासाठी.

गुन्हेगाराविषयी समाजात दोन सोपी उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे, की गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो. लोंब्रोसो या इटालियन पंडिताने एकोणिसाव्या शतकात या समजुतीला शास्त्राचा वेष चढविला, आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेतील प्रतिष्ठितांनी ती इटालियन स्थलांतरितांच्या साऱ्या जमातीलाच लागू केली. दुसरे उत्तर याच्या उलट आहे. गुंड हा गरिबांचा कैवारी, श्रीमंतांना लुटून दुबळ्यांना देणारा बंडखोर, असे चित्र सिनेमा आणि वर्तमानपत्रे रंगवितात. ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत, आणि दोन्ही एकाच कारणाने लोकप्रिय आहेत. त्यांपैकी कोणतेही स्वीकारले, की व्यवस्थेकडे पाहण्याची गरज उरत नाही.

ब्रुकलिनचे बालपण

कॅपोनचे आईवडील नेपल्सच्या परिसरातील. १८९० नंतरच्या दशकात ते न्यूयॉर्कला आले. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत इटलीतून सुमारे चाळीस लाख माणसे अमेरिकेत गेली, त्यांपैकीच हे एक कुटुंब. वडील गॅब्रिएले न्हावी होते, आई तेरेसा शिवणकाम करी. नऊ मुले झाली. त्यांतील अल्फोन्स हा ब्रुकलिन येथे १७ जानेवारी १८९९ रोजी जन्मला. घर कष्टाळू होते. बापावर कधी गुन्ह्याचा आरोप नव्हता. गुन्हेगारीचा वारसा या घरात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पण घराबाहेर काय होते? गोदीजवळची गर्दीची वस्ती, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे, आणि स्थलांतरितांच्या मुलांकडे तुच्छतेने पाहणारी शाळा. चौदाव्या वर्षी शिक्षिकेने मारले तेव्हा या मुलाने उलट हात उचलला आणि सहाव्या इयत्तेतच त्याचे शिक्षण संपले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे त्याने मिठाईच्या दुकानात काम केले, दारूगोळ्याच्या कारखान्यात केले, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद कापला. म्हणजे हा मुलगा प्रथम कामगारच होता. प्रामाणिक श्रमाचे फळ काय मिळते, हे त्याने स्वतः अनुभवले होते आणि आजूबाजूलाही पाहिले होते. तो बारा वर्षांचा असताना, मार्च १९११ मध्ये, नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये ट्रँगल कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले, आणि त्यांत बहुसंख्य ज्यू व इटालियन स्थलांतरितांच्या तरुण मुली होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कारखान्याचे मालक मनुष्यवधाच्या आरोपातून निर्दोष सुटले. कायदा कोणाच्या बाजूचा असतो, याचा धडा त्या वस्तीतील मुलांना क्रमिक पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नव्हती.

याच वस्तीत जॉनी टोरिओ नावाचा एक मनुष्य होता. तो नीटनेटका, शांत, पैसेवाला; स्वतः दारू न पिणारा. जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने हा त्याचा धंदा. गल्लीतील पोरांना तो लहानसहान कामे देई आणि काम चोख झाले की चांगले पैसे देई. बापाच्या वस्तऱ्याने आयुष्यभरात जे मिळविले नसते ते टोरिओ एका आठवड्यात मिळवितो, हे पोरे पाहत होती. पुढे फ्रँकी येल या गुंडाच्या कोनी आयलंडवरील मद्यगृहात कॅपोन नोकरीस लागला. तेथेच १९१७ साली एका तरुणीविषयी अनुदार उद्गार काढल्यावरून तिच्या भावाने त्याच्या गालावर वार केले, आणि ‘स्कारफेस’ हे नाव त्याला कायमचे चिकटले.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. अमेरिकन समाज प्रत्येकापुढे श्रीमंत होण्याचे एकच ध्येय ठेवतो, परंतु तेथवर जाण्याचे सनदशीर मार्ग मात्र थोड्यांनाच उपलब्ध करून देतो. ध्येय सर्वांचे, मार्ग मोजक्यांचे, अशी स्थिती असली, की काहीजण ध्येय कायम ठेवून मार्ग बदलतात. या विवेचनात मर्टन यांनी कॅपोनचे उदाहरण घेतले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅपोनने समाजाची मूल्ये नाकारली नव्हती. उलट ती त्याने पुरेपूर स्वीकारली होती. पैसा हेच यशाचे माप, स्पर्धकाला नामोहरम करणे हीच कर्तबगारी, ही शिकवण त्याच्या आधी तेल, पोलाद आणि रेल्वे यांच्या सम्राटांनी साऱ्या देशाला दिली होती. म्हणूनच त्याला बंडखोर म्हणता येत नाही.

तथापि परिस्थितीनेच सारे ठरते, असेही म्हणून चालणार नाही. याच घरातील थोरला मुलगा व्हिन्चेन्झो लहानपणीच घर सोडून पश्चिमेकडे निघून गेला, त्याने नाव बदलले, आणि पुढे नेब्रास्कात दारूबंदी खात्याचा अधिकारी म्हणून बेकायदा भट्ट्या फोडीत हिंडला. एक भाऊ दारूचा बादशहा आणि दुसरा दारूबंदीचा शिपाई! त्याच गल्लीतून हजारो मुले कारखान्यात गेली, कित्येक कामगार संघटनांत गेली. तेव्हा परिस्थिती मनुष्यापुढे वाटा टाकते. चालणारा मात्र आपल्या पावलांची जबाबदारी टाळू शकत नाही. हा विवेक सोडला, तर गुन्हेगारीचे विश्लेषण म्हणजे गुन्हेगाराची वकिली होईल.

दारूबंदीचे अर्थशास्त्र

टोरिओच्या बोलावण्यावरून कॅपोन शिकागोला गेला तो १९२० च्या आगेमागे. १७ जानेवारी १९२० रोजी, म्हणजे त्याच्या एकविसाव्या वाढदिवशीच, अमेरिकेत दारूबंदी अमलात आली. घटनेच्या अठराव्या दुरुस्तीने मद्याची निर्मिती, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली. मद्य पिण्यावर मात्र नाही. सधनांनी बंदीपूर्वीच आपली तळघरे भरून ठेवली होती.

दारूबंदीची मागणी खोटी होती काय? मुळीच नव्हती. पगाराच्या दिवशी नवऱ्याची कमाई गुत्त्यात जाते आणि मुले उपाशी राहतात, हे दुःख खरे होते. १८७४ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मद्यनिषेध संघटनेने ते वेशीवर टांगले. या संघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपण ख्रिस्ती समाजवादी असल्याचे जाहीर केले होते. पण स्त्रियांच्या या खऱ्या दुःखाच्या पाठीशी आणखी दोन शक्ती येऊन उभ्या राहिल्या. एक हेन्री फोर्डसारखे कारखानदार. त्यांना यंत्रावर शुद्धीत राहणारा, सोमवारी गैरहजर न राहणारा मजूर हवा होता. दुसरी शक्ती म्हणजे शहरातील कॅथलिक व परदेशी मजुरांविषयी जुन्या प्रोटेस्टंट अमेरिकेला वाटणारा तिटकारा. १९२४ साली स्थलांतराचा कायदा झाला आणि इटलीचा वार्षिक वाटा चार हजारांच्याही खाली आणला गेला. दारूबंदी आणि हा कायदा, दोहोंमागे तोच तिटकारा होता.

आता अर्थशास्त्राचा विचार करू. एखाद्या मालाची मागणी कायम असताना त्याचा व्यापार बेकायदा ठरविला, की मालाची किंमत वाढते, कारण त्या किमतीत आता पकडले जाण्याच्या धोक्याचा मोबदला समाविष्ट होतो. धोका पत्करण्याची ज्याची तयारी अधिक, त्याच्या हाती धंदा जातो. शिवाय या व्यापारात करार मोडणाऱ्यावर फिर्याद करता येत नाही. माल बुडविला, उधारी थकविली, शेजारच्याने गिऱ्हाईक पळविले, तर न्यायालय नाही. न्यायालयाची जागा बंदूक घेते. हिंसा हे या धंद्यात भांडवलाइतकेच आवश्यक साधन बनते.

त्यातही बिअरचे वैशिष्ट्य वेगळे. व्हिस्कीची बाटली कोटाच्या खिशात लपते. बिअरचे पिंप लपत नाही. बिअरला मोठा कारखाना लागतो, मालमोटारी लागतात, रोजचे ठराविक रस्ते लागतात. पोलीस ठाणे, नगरसभागृह आणि न्यायालय कायमचे विकत घेतल्याशिवाय हा धंदा चालूच शकत नाही. लाच हा येथे स्थिर खर्च ठरतो. स्थिर खर्च जितका मोठा, तितका लहान धंदेवाल्याचा टिकाव अशक्य आणि मोठ्या संघटनेचा फायदा अधिक. किंबहुना टोरिओने जे केले ते कोणत्याही मक्तेदारी उद्योगसमूहासारखेच होते. शहराची वाटणी करायची, भाव ठरवायचे, वाटणी न मानणाऱ्याला बाजारातून उठवायचे. फरक एवढाच, की येथे बाजारातून उठविणे म्हणजे जगातूनच उठविणे होते.

नोव्हेंबर १९२४ मध्ये प्रतिस्पर्धी टोळीचा नायक ओबॅनियन आपल्या फुलांच्या दुकानातच मारला गेला. जानेवारी १९२५ मध्ये टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण सारा कारभार कॅपोनकडे सोपवून निघून गेला. त्या वेळी कॅपोन सव्वीस वर्षांचा होता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी काहीजण पोलिसांच्या गणवेशात होते. कॅपोन त्या दिवशी फ्लॉरिडात होता. या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

दारूबंदीने काहीच साधले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. किमती वाढल्यामुळे प्रथमच्या वर्षांत मद्याचा खप घटला, विशेषतः कामगार वर्गात. यकृताच्या विकाराने होणारे मृत्यूही कमी झाले. परंतु ज्या सरकारने हा कायदा केला त्याने साऱ्या देशासाठी आरंभी नेमले सुमारे पंधराशे अधिकारी. अंमलबजावणी होती अर्थखात्याकडे. या खात्याचे मंत्री होते अँड्र्यू मेलन, देशातील अतिश्रीमंतांपैकी एक. त्यांच्या घराण्याची गुंतवणूक व्हिस्कीच्या कारखान्यातही होती. नैतिकतेचा उद्घोष मोठा आणि तिच्यासाठी खर्च करण्याची तयारी मात्र नाही, अशा स्थितीत कायदा गुंडाचा भागीदार होतो.

संघटना मोडली, टोळी वाढली

त्याच जानेवारी १९२० मधील दुसरी घटना सहसा कोणी सांगत नाही. दारूबंदी सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, २ जानेवारीच्या रात्री, सरकारने देशभर छापे घालून हजारो स्थलांतरित कामगारांना ‘लाल’ ठरवून पकडले. त्याच महिन्यात पोलाद कामगारांचा मोठा संप मोडला. सप्टेंबर १९१९ मध्ये सुमारे साडेतीन लाख कामगार त्यात उतरले होते. १९१९ च्या जुलैत शिकागोत गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांत दंगल पेटून ३८ माणसे मेली. १९२१-२२ च्या हिवाळ्यात तेथील कत्तलखान्यांच्या कामगारांचा संप फसला. हे तेच कत्तलखाने, ज्यांचे जिणे अप्टन सिंक्लेअर यांनी १९०६ साली ‘द जंगल’ या कादंबरीतून जगापुढे मांडले होते. १९२० साली अमेरिकेतील कामगार संघटनांचे सभासद सुमारे पन्नास लाख होते. तीन वर्षांत ते पस्तीस लाखांच्या घरात आले.

राज्यसंस्था दुबळी होती म्हणून कॅपोन वाढला, असे जे सांगितले जाते, ते यामुळेच पुरते खरे नाही. तीच राज्यसंस्था संप मोडताना समर्थ होती. समाजवादी नेते युजीन डेब्स यांना १९१८ साली युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यास तिला अडचण पडली नाही. दुबळेपणा होता तो निवडक होता. कामगार वस्तीतून वर येऊ पाहणाऱ्या तरुणापुढे संघटनेची वाट होती. ती लाठ्यांनी आणि तुरुंगांनी बंद केली गेली. टोळीची वाट मात्र मोकळी राहिली. फ्रेडरिक थ्रॅशर या अभ्यासकाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकट्या शिकागोत १३१३ टोळ्यांची नोंद केली आहे. त्यातील बहुतेक किशोरांच्या आणि तरुणांच्या, बकाल वस्त्यांच्या पट्ट्यातील होत्या.

राजकीय पक्षांना या टोळ्या हव्याच होत्या. १ एप्रिल १९२४ रोजी शिकागोला लागून असलेल्या सिसेरो या उपनगराची निवडणूक झाली. कॅपोनची माणसे मतदान केंद्रांवर बंदुका घेऊन उभी होती. पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्याचा भाऊ फ्रँक मारला गेला. पण निवडणूक कॅपोनच्या पसंतीच्या उमेदवारांनी जिंकली, आणि सिसेरो ही त्याची राजधानी झाली. १९२७ साली विल्यम थॉम्पसन पुन्हा शिकागोचे महापौर झाले; त्यांच्या प्रचारात कॅपोनचा पैसा होता, असे तेव्हापासून सांगितले जाते.

उद्योगपतींचे वर्तन तर याहून बोलके आहे. १९२८ साली शिकागोतील कपडे धुण्याच्या धंद्यातील एका मालकाला व्यावसायिकांच्या संघाकडून धमक्या व बाँब यांना तोंड द्यावे लागले. सरकारी वकिलांकडून संरक्षण मिळेना. तेव्हा त्याने कॅपोनलाच धंद्यात भागीदार करून घेतले, आणि हल्ले थांबले. संरक्षण हीच येथे विकाऊ वस्तू झाली. जे कर भरून सर्वांना समान मिळायला हवे, ते आता भागीदारी देऊन मिळू लागले.

कामगार संघटनाही यातून सुटल्या नाहीत. मालकाच्या गुंडांना तोंड देण्यासाठी काहींनी प्रथम गुंडांची मदत घेतली. मग ते मदतनीस निधीचे मालक झाले. दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा कॅपोनच्या टोळीचे वारस पोटापाण्यासाठी याच दिशेला वळले. १९४३ साली हॉलिवुडच्या चित्रपट कंपन्यांकडून खंडणी घेतल्याचा जो खटला झाला, त्यात सिनेमा कामगारांची संघटनाच खंडणीचे हत्यार म्हणून वापरली गेल्याचे उघड झाले. कामगारांनी वर्गणी भरायची, टोळीने संपाची धमकी विकायची आणि मालकाने ती विकत घ्यायची, असा हा सौदा होता.

कॅपोनच्या दानशूरपणाचाही हिशेब केला पाहिजे. १९३० च्या अखेरीस मंदीच्या काळात त्याने शिकागोत बेकारांसाठी मोफत अन्नछत्र उघडले. रोज हजारो माणसे तेथे रांगा लावीत. त्यातील बराच माल दुकानदारांवर दडपण आणून मिळविलेला होता, असे म्हणतात. पण खरा प्रश्न अन्न कोठून आले हा नाही. जगातील सर्वांत श्रीमंत देशात बेकार कामगाराला हक्काची भाकरी का नव्हती, हा आहे. बेकारी विम्याची देशव्यापी तरतूद अमेरिकेत झाली १९३५ साली. ती होईपर्यंत भुकेल्या माणसाने खुन्याच्या हातून सूप घेतले, यात त्याचा दोष काढता येत नाही. मात्र त्या सुपाने भुकेला माणूस कृतज्ञ होतो. हक्काची भाकरी मागायला उभा राहत नाही. दादाच्या दानधर्माचे राजकीय प्रयोजन हेच असते.

शिक्षा कशाची झाली?

कॅपोनला अखेर पकडले ते आयकराच्या कायद्याने. बेकायदा उत्पन्नावरही कर द्यावा लागतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली एका बेकायदा दारूविक्रेत्याच्या खटल्यात दिला होता. १९२४ ते १९२९ या काळातील दहा लाख डॉलरहून थोड्या अधिक उत्पन्नावरील सुमारे दोन लाख पंधरा हजार डॉलर कर चुकविल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. ऑक्टोबर १९३१ मध्ये त्याला अकरा वर्षांची कैद झाली. अॅटलांटाच्या तुरुंगातून १९३४ साली त्याला अल्कॅट्राझला हलविले. उपदंशाने त्याचा मेंदू पोखरला गेला होता. १९३९ च्या नोव्हेंबरात तो सुटला आणि २५ जानेवारी १९४७ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, फ्लॉरिडात मरण पावला.

अॅटलांटाचा हाच तो तुरुंग, जेथे डेब्स यांना ठेवले होते. १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तेथूनच लढविली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळविली. एका भाषणाची शिक्षा दहा वर्षे आणि टोळीराज्याची अकरा, तीही खुनांसाठी नव्हे, तर सरकारचा वाटा बुडविला म्हणून. त्या समाजाच्या मूल्यांचे मोजमाप यातून मिळते.

आणखी एक तुलना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. ज्या मेलन यांच्या खात्याने कॅपोनचा कर मोजला, त्याच मेलन यांनी १९२० नंतरच्या दशकात धनिकांवरील आयकराचा कमाल दर ७३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला होता. त्याच शिकागोत सॅम्युएल इन्सल यांचे वीज कंपन्यांचे साम्राज्य १९३२ साली कोसळले आणि लाखो लहान भागधारकांची बचत बुडाली. १९३४ साली इन्सल निर्दोष सुटले. कॅपोन आणि इन्सल सारखेच होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. इन्सल यांनी माणसे मारली नव्हती आणि शहराला वीजही दिली होती. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्याची जमापुंजी कशाने नाहीशी झाली, असे विचारले, तर उत्तर बिअरच्या पिंपात सापडत नाही.

या अनुभवाचा अर्थ

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. पुढे काय झाले हे जुन्या मुंबईकरांना सांगावयास नको. खाडीच्या काठाने हातभट्ट्या लागल्या, त्यांच्याबरोबर हप्ता आला, आणि व्ही. टी. स्थानकावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यातून झोपडपट्ट्यांचा ‘दादा’ झाला. वस्तीला नळ हवा असेल, रेशनकार्ड हवे असेल, तंटा मिटवायचा असेल, तर लोक नगरपालिकेऐवजी त्याच्याकडे जात. शिकागोचा धडा येथे पुन्हा गिरविला गेला.

यावरून दारूबंदीच चूक, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ज्या गावांतून स्त्रियांनी स्वतः संघटित होऊन ‘आडवी बाटली’ला मते दिली आणि दुकान बंद पाडले, तेथील बंदीला त्या स्त्रियांचा पहारा लाभला. वरून आलेल्या आणि पोलिसांच्या हवाली केलेल्या बंदीला तो नसतो. म्हणून एखादी गोष्ट बंद करा अशी मागणी करताना कार्यकर्त्याने स्वतःला आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. बंदीनंतर तो व्यवहार कोणाच्या हाती जाईल? आणि त्यावर पहारा कोण करील?

कॅपोनच्या चरित्रातून गुन्हेगारीचा एक क्रम हाती लागतो. श्रमाला प्रतिष्ठा आणि पुरेसा मोबदला नसतो, तेथे तरुण दुसरी वाट शोधतो. कायदा विकाऊ असतो, तेथे ती वाट रुंद होते. राजकीय पक्षांना निवडणुकीसाठी बाहुबळ हवे असते, तेव्हा त्या वाटेला मान्यता मिळते. आणि लोकांची स्वतःची संघटना मोडलेली असते, तेथे तीच एक वाट उरते. यांतील पहिल्या तीन गोष्टी बदलायला सत्ता लागते. चौथी गोष्ट कार्यकर्त्याच्या हाती आहे.

वस्तीतील नळाचे, रेशनचे, घरभाड्याचे आणि मजुरीचे प्रश्न घेऊन जो प्रथम उभा राहतो, वस्ती त्याची होते. तेथे संघटना गेली नाही, तर दादा जातो. आणि एकदा तो गेला, की त्याला बाहेर काढायला एक पिढी लागते. दादाची मदत घेऊन मोर्चा मोठा करण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. शिकागोच्या कामगारांनी त्या मोहाची किंमत मोजली आहे. कॅपोन १९४७ साली मेला, पण ज्या संघटनांत त्याची माणसे शिरली होती, त्या संघटनांतून त्यांना बाहेर काढण्याचे काम पुढे अनेक दशके चालू राहिले.